भिजण्याचा हिशेब

जूनमधला पहिला पाऊस आला की अंगणात जाऊन चिंब भिजायला कोणाला आवडत नाही? आई रागावते, आजी आले घातलेला चहा पुढे करते, आपण डोके पुसतो आणि तासाभरात सारे विसरून जातो. आपल्याकडे पावसात हवा पंचवीस-सव्वीस अंश सेल्सिअसच्या आसपास असते, घर जवळ असते आणि घरात कोरडे कपडे असतात. म्हणून भिजणे ही आपल्याला गंमत वाटते.

आता अशी कल्पना करा, की पाऊस कोकणातल्याइतकाच आहे, पण हवा दहा-बारा अंशांची आहे. समुद्रावरून वारा सुटला आहे. पाठीवर पंधरा किलोचे ओझे आहे आणि सर्वांत जवळचे घर तीन दिवसांच्या चालीवर आहे. या ठिकाणी भिजणे ही गंमत राहत नाही. तो एक हिशेब होतो आणि तो चुकला तर जिवावर बेतू शकते. हा हिशेब घरी, टेबलाशी बसून, कागद-पेन्सिल घेऊन आधीच कसा मांडायचा, ते आज आपण पाहू. त्यासाठी तुमच्या पुस्तकातलेच पदार्थविज्ञान पुरेसे आहे.

जहाज फुटले म्हणून झालेली वाट

कॅनडाच्या पश्चिमेला पॅसिफिक महासागरात व्हँकुव्हर नावाचे मोठे बेट आहे. या बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्याने ७५ किलोमीटर लांबीची एक पायवाट जाते. तिचे नाव वेस्ट कोस्ट ट्रेल. हू-ए-आट, दितिदात आणि पाचिदात या तेथील मूळ रहिवाशांचा हा प्रदेश. त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटा येथे फार जुन्या आहेत. पुढे १८९० च्या सुमारास या किनाऱ्याने तारायंत्राची तार टाकण्यात आली.

२२ जानेवारी १९०६ च्या रात्री 'व्हॅलेन्सिया' नावाची आगबोट खराब हवेत वाट चुकून या किनाऱ्यावरील खडकांवर आदळली. किनारा डोळ्यांना दिसत होता, पण लाटा, कडे आणि घनदाट अरण्य यांमुळे मदत वेळेवर पोचू शकली नाही. शंभराहून अधिक माणसे मरण पावली. बोटीवरची एकही स्त्री किंवा मूल वाचले नाही. किनाऱ्याला लागलेल्या नऊ जणांच्या एका तुकडीला जंगलात तारायंत्राची तार दिसली. तिच्या आधाराने चालत ते तारवाल्याच्या खोपटापर्यंत पोचले आणि तेथून बातमी बाहेर गेली. या अपघातानंतर सरकारने पाचेना पॉइंट येथे दीपगृह बांधले आणि तारेच्या वाटेचे रूपांतर जीवरक्षक वाटेत केले, म्हणजे फुटलेल्या जहाजातील माणसांना चालत सुटका करून घेता यावी.

आज ही वाट राष्ट्रीय उद्यानात मोडते. १ मे ते ३० सप्टेंबर या काळातच ती खुली असते आणि त्यासाठी परवाना लागतो. चालायला साधारण सहा ते आठ दिवस लागतात. वाट कधी वाळूतून, कधी शेवाळलेल्या शिळांवरून, तर कधी अरण्यातल्या चिखलातून जाते. कड्यांना उभ्या लाकडी शिड्या लावल्या आहेत. काही नद्यांवर दोराने ओढायचे पाळणे आहेत. वाटेत बहुतेक ठिकाणी फोन लागत नाही. कोणी जखमी झाले, तर मदत पोचायला चोवीस तासही लागू शकतात.

या किनाऱ्यावर वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्याचे कारण तुम्हाला ओळखीचे वाटेल. महासागरावरून आलेले बाष्पयुक्त वारे डोंगरांना अडतात, वर चढतात, थंड होतात आणि पाऊस पाडतात. सह्याद्री आणि मान्सून यांचीच ही गोष्ट. फरक एवढाच, की तेथला जोराचा पाऊस हिवाळ्यात पडतो. उन्हाळ्यात तो कमी होतो, पण थांबत नाही. उन्हाळ्यातही तेथील सरासरी तापमान चौदा अंशांच्या आसपास असते.

उष्णतेची वही

आपले शरीर म्हणजे एक शेगडीच आहे. आपण नुसते बसलो असलो, तरी शरीरात दर तासाला साधारण ८० ते ९० किलोकॅलरी उष्णता तयार होते. चालताना ती कितीतरी वाढते. ही झाली जमा. आता खर्च पाहू.

समजा, तुमच्या सुती शर्टात अर्धा लिटर, म्हणजे ५०० ग्रॅम पाणी मुरले आहे. हे पाणी १० अंशांचे आहे. अंगाला लागून ते ३० अंशांपर्यंत तापायला किती उष्णता लागेल?

५०० ग्रॅम × २० अंश = १०,००० कॅलरी, म्हणजे १० किलोकॅलरी.

तुम्ही म्हणाल, हे तर काहीच नाही. थांबा. शर्ट अंगावरच वाळवायचा ठरवला, तर त्या पाण्याची वाफ व्हायला हवी. ३० अंशांच्या आसपास १ ग्रॅम पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे ५८० कॅलरी लागतात. पुस्तकात तुम्ही ५४० हा आकडा वाचला असेल. तो १०० अंशांच्या उकळत्या पाण्याचा आहे. कमी तापमानाला हा अप्रकट उष्मा थोडा जास्तच असतो. म्हणजे,

५०० ग्रॅम × ५८० = २,९०,००० कॅलरी, म्हणजे २९० किलोकॅलरी.

पाणी तापवण्यापेक्षा वाळवण्याचा खर्च एकोणतीस पट झाला! स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरात सव्वातीन तासांहून अधिक काळात जेवढी उष्णता तयार होते, तेवढी एका शर्टाने खाल्ली. त्यातली थोडी उष्णता हवेतूनही येते हे खरे; पण हवा थंड आणि माणूस थकलेला असेल, तर मोठा वाटा शरीरालाच उचलावा लागतो.

शिवाय आणखी एक गळती आहे. कोरडे कपडे आपल्याला ऊब देतात, ते धाग्यांमध्ये अडकलेल्या स्थिर हवेमुळे. हवा उष्णतेची मंद वाहक आहे. त्या हवेच्या जागी पाणी शिरले, की चित्र पालटते. कारण पाणी स्थिर हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणजे भिजलेला सदरा घालणे हे घराच्या भिंतीला भोके पाडून आत शेगडी पेटवण्यासारखे आहे.

घरी करून पाहा

एखाद्या कोरड्या हवेच्या दिवशी सारख्या आकाराच्या तीन बाटल्या घ्या. त्यांत सारखेच, साधारण ५० अंशांचे गरम पाणी भरा. पहिलीभोवती कोरडा सुती पंचा गुंडाळा. दुसरीभोवती तसाच पंचा भिजवून, पिळून गुंडाळा. तिसरीभोवती ओला पंचा गुंडाळून वरून प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधा. तिन्ही बाटल्या पंख्यासमोर ठेवा आणि दर पाच मिनिटांनी तापमान वहीत लिहून आलेख काढा.

दुसरी बाटली सर्वांत झपाट्याने थंड होईल. पुरेसा वेळ थांबलात, तर तिचे तापमान खोलीतल्या हवेच्याही खाली गेलेले दिसेल. तिसरीतही पाणी आहे, पण वाफ बाहेर जाऊ शकत नाही. त्यामुळे ती दुसरीपेक्षा सावकाश निवेल. भिजलेल्या, कुडकुडणाऱ्या माणसाला आडोशाला नेऊन प्रथम प्लॅस्टिकच्या कागदात का गुंडाळतात, याचे उत्तर या तिसऱ्या बाटलीत आहे.

सॅकमध्ये काय भरावे?

हिशेब कळला, की कपड्यांची यादी आपोआप तयार होते. सुती शर्ट आणि जीन्सची जाड पँट घरी ठेवावी. सूत पाणी धरून ठेवते आणि ओले झाले, की अंगाला चिकटून बसते. पॉलिएस्टरचा धागा स्वतः जवळजवळ पाणी शोषत नाही, त्यामुळे पिळून झटकला की तो कपडा लवकर वाळतो. लोकरीचा धागा कुरळा असतो. ओला झाला तरी तो पूर्ण दबत नाही आणि थोडी हवा धरून ठेवतो. आपल्याकडचा धनगर भर पावसात सुती चादर न घेता घोंगडी का पांघरतो, ते आता सांगायला नको. पिसे भरलेली स्लीपिंग बॅग कोरडी असताना उत्तम. पण भिजली की पिसांचे गोळे होतात आणि ऊब जाते. म्हणून अशा वाटेवर बरेच जण कृत्रिम धाग्याची पसंत करतात.

वरून रेनकोट हवाच. पण साध्या प्लॅस्टिकच्या रेनकोटात घामाची वाफ कोंडते आणि माणूस आतून भिजतो. यावर उपाय म्हणून ज्याची छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा पुष्कळ लहान, पण वाफेच्या रेणूपेक्षा पुष्कळ मोठी असतात, असे कापड निघाले आहे. तरीही धावतपळत चढ चढलात, तर येणारा घाम कोणत्याही कापडाला आवरत नाही. चढावर वेग कमी करणे आणि आतला एक कपडा उतरवणे हाच सोपा उपाय.

या सर्वांहून महत्त्वाचा एक नियम आहे. कोरड्या कपड्यांचा एक जोड, म्हणजे सदरा, विजार, मोजे आणि कानटोपी, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून वेगळा ठेवायचा. तो फक्त रात्री तंबूत घालायचा. सकाळी उठल्यावर, कितीही जिवावर आले तरी, पुन्हा कालचे ओले कपडे अंगावर चढवायचे. चालू लागले की शरीराची शेगडी पेटते आणि थोड्या वेळात ओले कपडे सोसवतात. पण सकाळी मोह झाला आणि कोरडा जोड घालून पावसात निघालात, तर रात्री कोरडे असे काहीच उरत नाही. पुढचे सारे दिवस या एका जोडावर अवलंबून असतात.

वजनाचा हिशेब

सॅकचे वजन आपल्या वजनाच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ नये, असा सर्वसाधारण नियम आहे. ६० किलोच्या माणसाला ही मर्यादा १५ ते २० किलो येते. यात तंबू, कपडे, चूल, दोर, औषधे आणि सात दिवसांचे अन्न बसवायचे.

दिवसाला ३५०० किलोकॅलरी लागतात असे धरले, तर सात दिवसांना २४,५०० झाल्या. शिजवलेला भात नेला, तर त्याच्या १ ग्रॅममध्ये साधारण १.३ किलोकॅलरी असतात. म्हणजे भात जवळजवळ १९ किलो न्यावा लागेल! कारण त्यात बहुतेक पाणीच आहे. तेच ग्रॅममागे सरासरी ४.५ किलोकॅलरी देणारे कोरडे अन्न घेतले, तर साडेपाच किलोत भागते. पिठूळ आणि गोड पदार्थ ग्रॅमला सुमारे ४, तर स्निग्ध पदार्थ ९ किलोकॅलरी देतात. शेंगदाण्यात दोन्ही असल्यामुळे तो साडेपाचच्या पुढे जातो. गूळ-शेंगदाण्याची चिक्की हे किती विचारपूर्वक केलेले खाणे आहे पाहा! पाणी मात्र फार वाहून नेऊ नये. ओढे जागोजागी आहेत. ते पाणी उकळून किंवा गाळणीने शुद्ध करून प्यावे.

सॅक भरण्यातही शास्त्र आहे. जड वस्तू पाठीला चिकटून ठेवाव्यात. १५ किलोच्या सॅकचा गुरुत्वमध्य पाठीमागे १५ सेंटिमीटरवर असेल, तर मागे ओढणारा परिणाम १५ × १५ = २२५ झाला. तोच २५ सेंटिमीटरवर गेला, तर १५ × २५ = ३७५. सॅक तीच, वजन तेच. पण उभ्या, ओल्या शिडीवर ती तुम्हाला दीडपटीहून अधिक जोराने मागे खेचते.

या वाटेवर सर्वाधिक दुखापती घसरून पडल्याने होतात. ओल्या लाकडावर आणि शेवाळावर घर्षण फारच कमी असते. लांब पाऊल टाकले, की पाय जमिनीला तिरका रेटा देतो आणि घसरतो. आखूड पाऊल टाकले, की भार जवळजवळ सरळ खाली जातो. म्हणून घसरड्या जागी बदकासारखे चालावे, हसणारे हसोत!

समुद्राचे घड्याळ

आता दुसरा हिशेब, भरती-ओहोटीचा. वाटेच्या दक्षिण टोकाजवळ ओवेन पॉइंट नावाची जागा आहे. समुद्राची पातळी १.८ मीटरच्या खाली असेल, तरच तेथून पलीकडे जाता येते. त्याहून वर गेली, की एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला लाटा.

समजा, कोष्टकात सकाळी ९ वाजता ओहोटी ०.६ मीटर आणि दुपारी ३ वाजता भरती ३.६ मीटर दिली आहे. पाणी सहा तासांत ३ मीटर चढणार. पण ते दर तासाला सारखे चढत नाही. झोपाळा टोकाशी सावकाश आणि मध्ये वेगाने जातो ना, तसेच. यासाठी दर्यावर्दी लोकांचा एक सोपा नियम आहे. एकूण फरकाचे बारा भाग करायचे. सहा तासांत पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ भाग चढते. आपल्या उदाहरणात एक भाग २५ सेंटिमीटरचा. म्हणून दहा वाजता ०.८५, अकरा वाजता १.३५ आणि बारा वाजता २.१ मीटर. १.८ ची रेघ सुमारे ११ वाजून ३६ मिनिटांनी ओलांडली जाते. तोपर्यंत आपण पलीकडे पोचलेले असलो पाहिजे. 'अजून पाणी खूप लांब आहे' असे दहा वाजता डोळ्यांना वाटेल. पण अकरानंतर ते मिनिटाला सव्वा सेंटिमीटर चढणार आहे.

आधीची ओहोटीही अशाच गतीने उतरली असे धरले, तर वाट सकाळी ६ वाजून २४ मिनिटांनी मोकळी होते. येथे एक खोच आहे. कोष्टक प्रमाणवेळेत छापलेले असेल आणि हातातले घड्याळ उन्हाळी वेळेप्रमाणे एक तास पुढे असेल, तर ६ वाजून २४ मिनिटांना खरे पाणी किती असेल? गणित करून पाहा. उत्तर २.५५ मीटर येईल, म्हणजे मर्यादेपेक्षा पाऊण मीटर जास्त! म्हणून कोष्टक कोणत्या वेळेत आहे, हे निघण्यापूर्वीच तपासावे.

हा बारा भागांचा नियम ढोबळ आहे, हेही लक्षात ठेवा. त्या किनाऱ्यावर एकाच दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. शिवाय कोष्टक हे चंद्र-सूर्याचे आहे, वादळाचे नाही. हवेचा दाब १ मिलिबारने उतरला, की समुद्राची पातळी साधारण १ सेंटिमीटर वर येते. दाब २० मिलिबारने पडला, तर पाणी २० सेंटिमीटर वाढले. लाटांची उंची त्यावर आणखी. म्हणून मर्यादेच्या काठावर कधीच खेळू नये. खराब हवेत अरण्यातली वाट धरावी किंवा तंबूत थांबावे. तेवढ्यासाठी एका दिवसाचे जास्त अन्न बरोबर असावे.

नद्यांचेही असेच. पाण्याचा वेग दुप्पट झाला, की पायावरचा जोर चौपट होतो. पाऊस पडून गेल्यावर पूर ओसरेपर्यंत वाट पाहावी. नदी ओलांडताना सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवावा, म्हणजे पडल्यास सॅक टाकून देता येते.

आणखी एक गोष्ट. या किनाऱ्यासमोर समुद्राखाली भूकवचाचा एक तुकडा दुसऱ्याखाली सरकत असतो. २६ जानेवारी १७०० रोजी तेथे प्रचंड भूकंप झाला. त्याच्या लाटा जपानपर्यंत पोचल्याची नोंद तेथल्या दप्तरांत आहे, आणि पाचेना उपसागराकाठचे गाव लाटेने नेल्याची आठवण हू-ए-आट लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगून जपली आहे. म्हणून तंबू ठोकताना उंचावर जाणारी वाट पाहून ठेवावी. जमीन जोरात हादरली, तर सामान न आवरता वर पळावे.

सोबत्याकडे पाहा

इतके करूनही उष्णतेचा हिशेब तुटीत गेला, तर काय होते? शरीराच्या आतले तापमान ३७ अंशांवरून ३५ च्या खाली उतरले, की धोका सुरू झाला. प्रथम हुडहुडी भरते. हुडहुडी म्हणजे स्नायूंनी उष्णता तयार करण्यासाठी चालवलेली धडपड. मग बोटांना गाठ सुटत नाही, पाय अडखळतात, शब्द जड होतात. सर्वांत घातक गोष्ट अशी, की मेंदू मंदावल्यामुळे त्या माणसाला स्वतःला काहीच कळत नाही. 'मी ठीक आहे' असेच तो म्हणतो. आणखी थंडावल्यावर हुडहुडी थांबते. ती सुधारणा नव्हे, शेगडी विझत चालल्याची खूण असते.

म्हणून येथे एकट्याने जाऊ नये. दर तासाला एकमेकांशी बोलावे आणि बोलणे अडखळते का ते ऐकावे. शंका आली, तर लगेच थांबावे. वाऱ्याचा आडोसा करावा, ओले कपडे काढून कोरडे घालावेत, स्लीपिंग बॅगेत निजवावे. तो शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल, तर गरम गोड पेय द्यावे. हातपाय चोळू नयेत. मद्य तर मुळीच देऊ नये. त्याने कातडीजवळचे रक्त वाढते आणि उष्णता आणखी निघून जाते. या वेळी तो दोन पिशव्यांत बांधलेला कोरडा जोड सोन्याहून मोलाचा ठरतो.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी त्या दूरच्या वाटेवर कधी जाईल, कोणी जाणार नाही. पण आषाढ-श्रावणात सह्याद्रीच्या एखाद्या गडावर तर तुम्ही नक्कीच जाल. तेथेही माथ्यावर ढग असतात, वारा असतो आणि मुक्काम असेल तर लांबलचक रात्र असते. तेव्हा निघण्यापूर्वी एक काम करा. आपला नेहमीचा शर्ट वाण्याच्या काट्यावर कोरडा तोला, मग भिजवून, पिळून पुन्हा तोला. फरकाच्या ग्रॅमला ५८० ने गुणा. आलेला आकडा वहीत लिहा आणि मग सॅक भरायला बसा.